भाड्यानं मिळणारं अंतर

मामीचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होते. पिशोरहून तिचा फोन म्हणजे आधी सगळ्या घराची खबरबात. विहिरीनं तळ दाखवलाय, मामांचा गुडघा पुन्हा बोलायला लागलाय, कैऱ्या यंदा कमीच. मग मध्येच ती म्हणाली, "टिटवीनं अंडी घातली बघ, खालच्या वावरात. चार हायेत. तू सांग म्हनली व्हतीस, म्हनून सांगितलं." आणि लगेच लोणच्याच्या मोहरीकडं वळली. मला ते आमंत्रणच वाटलं. मी त्या चार अंड्यांपाशी अडकले ती अडकलेच. कूलर भरून वाहू लागला, पाणी बाल्कनीतून खालच्या मजल्यावरच्यांच्या कुरडयांवर गेलं, आणि खालून आवाज आल्यावर मी भानावर आले.

वैशाख आला की मला स्वतःची किळस येते. पूर्वी येत नसे, गेली तीन वर्षं येते. बाकीच्या गोष्टींचा वैताग असतोच. घामानं पाठीला चिकटलेलं पोलकं, पंख्याखालीही गरम होणारी उशी, दुपारी दारं-खिडक्या लावून घेतलेल्या घरातला तो कोंडलेला वाळ्याचा वास. पण ते सगळं रात्रीच्या अंघोळीनं धुऊन निघतं, ही किळस नाही. आमच्या सोसायटीमागं एक प्लॉट अजून रिकामा आहे. पहाटे त्याच्यावरून टिटवी ओरडत जाते. शेजारच्या काकू तिला अभद्र म्हणतात आणि कानावर उशी घेतात. मीही उशी घेते, पण माझं कारण वेगळं आहे.

तर फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात पहिलं काय यावं? मामांचा गुडघा नाही, टिटवीही नाही. लेन्स. या खेपेला मोठी लेन्स भाड्यानं घेऊन जाऊ, असा विचार आला, आणि पाठोपाठ स्वतःची तीच किळस.

पक्ष्यांचे फोटो काढण्याचा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला. ज्युनियर कॉलेजात गणित शिकवून शिकवून डोकं आंबलं होतं, पोरगी पुण्याला गेली होती, घर रिकामं वाटत होतं. माझ्याकडची लेन्स तीनशेची, म्हणजे तीनशे मिलिमीटरची. तिनं टिटवीएवढा पक्षी फोटोत नीट भरायचा तर दहा पावलांवर जाऊन बसावं लागतं. सहाशेची असली तर वीस पावलांवरून तेच काम होतं. साधं त्रैराशिक आहे. सहाशेची विकत घेण्याची आमची ऐपत नाही, पण उस्मानपुऱ्यात एका दुकानात ती भाड्यानं मिळते. भाडं परवडतं. अडचण ती नव्हतीच. अडचण अशी होती की मला या टिटवीपाशी पुन्हा जायचा हक्क आहे का, आणि ही लेन्स तो मिळवून देईल का, हे मला ठरवता येत नव्हतं.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या ग्रुपला हा प्रश्नच पडला नसता. ग्रुपचे जे कर्ते आहेत त्यांना सगळे दादा म्हणतात, वयानं माझ्याहून बारा वर्षांनी लहान असले तरी. माझी लेन्स पाहून ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मॅडम, हे तर लग्नात नवरा-नवरी काढायचं खेळणं झालं. पक्षी म्हटलं की सहाशे." हे सगळे लोक पहाटे झाडीच्या रंगाचे कपडे घालून येतात. टोपी तशीच, मोजेसुद्धा तसेच, आणि मग पांढऱ्याशुभ्र गाडीला टेकून मोठमोठ्यानं पोहे खातात. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. पुढं ते जिरलं.

गेल्या हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्यावर गेलो होतो. उथळ पाण्याच्या कडेला राजहंसांचा थवा बसला होता. दोन काळ्या पट्ट्यांच्या डोक्याचे हे पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडं येतात. बरेचसे मान पाठीत खुपसून झोपलेले. धुकं विरत होतं, पाण्याला एक कोवळा करडा रंग होता, आणि दोन मिनिटं खरोखर कुणी बोललं नाही. मग दादा म्हणाले, "तयार राहा, उडवतो." त्यांनी दगड उचलला आणि भिरकावला. झोपलेला सगळा थवा एकदम उठला. आमच्या बाजूनं कॅमेऱ्यांचा जो कडकडाट झाला तो आठवला की अजून अंगावर शहारे येतात, आणि ते आनंदाचे नव्हेत. "उडवतो." टपोरी पोरं वरातीत पैसे उडवतात तेव्हासुद्धा त्या शब्दात एवढी बेफिकिरी नसते.

खुलताबादच्या डोंगरात नवरंग येतो त्या दिवसांचं तर विचारू नका. पावसाच्या आधी हा पक्षी जोडीदारीण शोधत येतो. दादा मोबाइलवर त्याच्याच जातीच्या नराचा आवाज लावून झुडपात ठेवून देतात. आपल्या जागेत दुसरा नर शिरलाय असं समजून तो बिचारा वेडापिसा होऊन झुडूप न् झुडूप शोधत फिरतो. मग समोर एक शेवाळलेलं लाकूड मांडलेलं असतं, त्यावर अळ्या टाकलेल्या असतात, आणि दहा-बारा माणसं प्लास्टिकच्या स्टुलांवर ओळीनं बसून "आला, आला" म्हणत त्याची छबी टिपत असतात. तिसऱ्या दिवशी तो ओरडून ओरडून लाकडावर नुसता बसून राहिला. "आज पोझ मस्त देतोय," कुणीतरी म्हणालं. त्या ओळीत डावीकडून चौथं स्टूल माझं होतं. मी उठून गेले नाही. माझ्याकडं त्या नवरंगाचे दोनशे फोटो आहेत आणि त्यांतला एकही मला उघडून बघवत नाही.

पण दादांना नावं ठेवणं सोपं आहे. पिशोरला दादा नव्हते, मी एकटी होते.

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात मी चार दिवस मामांकडं राहिले. मी दारात पोचले की सत्तरीचे मामा दुखऱ्या गुडघ्यानं वाकून माझ्या पायांना हात लावतात. आमच्याकडं मामाच्या घरी भाचीचा तो मान आहे. मला ओशाळल्यासारखं होतं, पण ते ऐकत नाहीत. त्या दिवसांत वखरणी चालली होती. मोठी नांगरट ट्रॅक्टरनं होते, पण वखर मामा अजून स्वतः धरतात, बैलांवर. सकाळी सातलाच ऊन असं चढायचं की बांधावरच्या निंबाखालून हलू नये वाटायचं. तापलेल्या काळ्या मातीचा वास, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा थकलेला आवाज, मामीनं आणलेलं ताक, त्यातली जाडसर कुटलेल्या जिऱ्या-मिठाची खरखर जिभेवर. मी खूप वर्षांनी इतकी सुखात होते.

वावराच्या मधोमध टिटवीची चार अंडी होती. घरटं असं काही नसतंच तिचं. जमिनीत एक उथळ खळगा, भोवती चार खडे, शेळ्यांच्या दोन-चार लेंड्या. अंडी ढेकळांच्याच रंगाची, त्यावर शाईचे डाग पडावेत तशी नक्षी. मामा वखर हाकत तिथवर आले की बैलांना हळू करायचे आणि वखराची पास उचलून धरायचे. पास म्हणजे जमिनीत शिरून चालणारं ते लोखंडी आडवं पातं. ती उचलून, सगळं ओझं हातांवर घेऊन, चार-पाच पावलं तसंच चालायचे आणि मग पुन्हा टेकवायचे. प्रत्येक फेरीला. साऱ्या भुसभुशीत वावरात एका बाजेएवढा तुकडा कडक, भेगाळलेला राहिला, आणि त्यावर गेल्या वर्षीच्या कापसाची एक वाळकी पऱ्हाटी उभी. मी विचारलं, "मामा, एवढा त्रास कशाला?" ते घाम पुसत म्हणाले, "तिचं बाळंतपण चालू हाय न्हवं. आपल्याला कुठं घाई हाय."

हे ऐकून माझे डोळे भरून आले होते, हेही सांगते. कारण त्यानंतर तासाभरात मी जाऊन ती पऱ्हाटी उपटली.

फोटोत आडवी येत होती. तिच्या काड्यांची सावली अंड्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी पडत होती आणि अंडी स्वच्छ दिसत नव्हती. ग्रुपमध्ये असं काही आडवं आलं की आधी "साफसफाई" करून घ्यायची, असं सगळेच म्हणतात. मी साफसफाई केली. दोन ढेकळंही बाजूला सारली. मग दहा पावलांवर छत्री लावून बसले, साडेदहापासून दीडपर्यंत. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती. मी तिला मनात म्हणत होते, ये ना बाई, मी काही करत नाही.

जनावरांच्या हौदावर जाऊन ती पोट बुडवून यायची. ओलं पोट घेऊन अंड्यांच्या दिशेनं यायची, मला बघून घिरट्या घालायची, घालत राहायची, आणि मग परत हौदावर. असं तीन-चारदा झालं. मला वाटलं, उन्हामुळं अंघोळ करतेय. मी अंघोळीचेही फोटो काढले. ती अंड्यांना गारवा द्यायला पोटाच्या पिसांत पाणी आणत होती, आणि माझ्यामुळं ते पाणी हवेतच वाळत होतं, हे मी घरी येऊन वाचलं. फोटो ग्रुपवर टाकून झाल्यावर वाचलं.

शेवटी ती आली. दीड वाजता, भाजून निघालेल्या जमिनीवर, अंड्यांवर उभी राहिली. पंख अर्धे उघडलेले, चोच वासलेली, डोळा थेट माझ्याकडं. उजेड कडक होता पण फोटो काय आला म्हणून सांगू! एकेक पीस मोजून घ्यावं असा. ग्रुपवर लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. दादांनी त्याला नाव दिलं, 'आईची सावली'. आमच्या ग्रुपच्या कॅलेंडरवर तो मे महिन्यात छापून आला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी हौसेनं फ्रेम करून लावलाय, रोज दोनदा त्याच्यासमोरून जावं लागतं. मातृदिनाला तो फिरत फिरत माझ्याच फोनवर येतो, खाली गुलाबाची फुलं आणि आईबद्दलच्या चार गुळगुळीत ओळी चिकटवलेला. ती सावली मी उपटून टाकली होती, म्हणून तिला तिथं उभं राहून सावली करावी लागली.

मृग लागला तेव्हा मामीनं फोनवर सांगितलं होतं, "अंडी नासली गं ती. वास सुटलाय, मुंग्या लागल्यात, तरी बसूनच हाय. उठत नाय." पेरणी झाली तरी मामांनी तो तुकडा मोकळाच ठेवला, जोवर ती बसली होती तोवर. मी काय म्हणाले? मी "अरेरे" म्हणाले. आणि वर, पुन्हा कधी अंडी घातली तर सांग हं, असंही म्हणाले. माणूस इतका निलाजरा असू शकतो.

तर मामीच्या फोननंतर दुपारी, ऊन थोडं कलल्यावर, मी स्कूटीवरून उस्मानपुऱ्यात गेले. दुकान मुख्यतः लग्नाच्या फोटोग्राफरांसाठी आहे. ड्रोन, दिव्यांच्या छत्र्या, कॅमेरे फिरवायच्या काठ्या. मालक शकीलभाई जुन्या ओळखीचे, त्यांच्या मुलीला मी बारावीला शिकवलंय. त्यांनी खुर्ची पुसून दिली, थंड पाणी मागवलं आणि ती लेन्स आतून दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलासारखी घेऊन आले.

"ये लगाव मॅडम, सब पास आता. अपने को जाना नक्को, चिडिया को आना नक्को."

मी दुकानाच्या दारात उभी राहून ती लावून बघितली. रस्त्यापलीकडच्या तारेवर एक कबुतर होतं. त्याच्या डोळ्याभोवतीची लाल कड दिसली, डोळ्यात दुकानाची पाटी दिसली. मला खरंच लोभ सुटला. शकीलभाईंचं "पास" आणि मामांची पास, दोन्ही माझ्या कानात एकदमच वाजलं. एका पासनं सगळं जवळ येतं, दुसरी उचलून धरावी लागते. मी स्वतःला समजावलं की ही लेन्स म्हणजे तेच उचलून धरणं आहे. लांब बसायचं, कुणाला त्रास नाही. एक नीट, स्वच्छ, पापाविना काढलेला फोटो मिळाला की तो जुना स्टाफरूममधून काढायला सांगता येईल. मी म्हणाले, "उद्यासाठी लिहून ठेवा. बॅग बघू?"

बॅग चांगली होती, पाठीवर अडकवायची. बाजूच्या कप्प्यात काहीतरी हाताला लागलं. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. मला वाटलं पाणी शोषणारी पावडर असेल. उघडला, तर भुश्यात अळ्या. बऱ्याचशा मेलेल्या, काळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि खालच्या थरात काही अजून वळवळत होत्या, मेलेल्यांनाच खात. असा भपकारा आला की मी डबा तिथंच काउंटरवर टाकला आणि पदर नाकाला लावून बाहेर गेले. पायरीवर उभी राहून मी दोनदा ओकारी काढली.

"तौबा तौबा! पिछला गिऱ्हाइक छोड के गया," शकीलभाई शरमेनं लाल झाले होते. कागदात गुंडाळून त्यांनी डबा बाहेर नेला, हात साबणानं धुतले, काउंटर पुसलं, पुन्हा पुसलं. मग म्हणाले, "मॅडम, एक बात बताव. लेन्स इत्ता लंबा है, फिर ये अळ्या कायको लगते?"

मी गणिताची बाई. उत्तर मला ठाऊक होतं. तारेवरचं कबुतर सबंध दिसल्यावर मी काय केलं होतं? आणखी जवळ, म्हणून त्याच्या डोळ्यावर गेले होते. तीनशेवाल्याला पक्षी हवा असतो, सहाशेवाल्याला पापणी. विसाची दहा पावलं करायला माझे पाय किती वेळ घेतील? आणि टिटवी तर पन्नास पावलांवरूनच उठते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. मी शकीलभाईंना म्हणाले, "रात्री कळवते." त्यांना वाटलं, डब्यामुळं. त्यांनी भाड्यात सूट देऊ केली. मला जास्तच लाज वाटली.

घरी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "एवढी मोठी नळी आणशील तर शेजाऱ्यांच्या ताटात काय वाढलंय तेही दिसेल." मग माझं तोंड पाहून गंभीर झाले. "तुला टिटवी बघायचीय, की तो जुना फोटो पुसायचाय?" मी भाजी निवडत बसले. मेथीच्या जुडीतून एक बारकी हिरवी अळी निघाली आणि मी ती जुडीच उचलून कचऱ्यात टाकली.

दिवेलागणीला मामीला फोन लावला. मला फक्त एक माप हवं होतं. बांधावरच्या निंबापासून अंडी किती पावलांवर, एवढं कळलं की हिशेब लागतो का ते बघता आलं असतं. निदान मी तसं ठरवून फोन लावला होता.

"निंबापासून?" मामी म्हणाली. "लई लांब हाय. तिथून काय दिसंल तुला?" मग म्हणाली, "तुला जवळच लागतं न्हवं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. मला जे तीन वर्षं बोलायचं होतं ते तोंडातून निघून गेलं. "मामी, त्या साली अंडी माझ्यामुळं नासली. ती पऱ्हाटी मी उपटली होती."

"ठावं हाय मला."

"ठाऊक आहे?"

"भाकरी घिऊन बांधावर आले व्हते की मी. बघितलं." पलीकडं भांड्याचा आवाज झाला. "तू उठून आलीस तवा तुझ्या मामांनी जाऊन पऱ्हाटी परत रोवली. वर पोत्याचा तुकडाबी बांधला. पन तवर ऊन खाऊन बसली व्हती अंडी."

"मग बोलली का नाहीस मला? तिथल्या तिथं ओरडायचं होतंस!"

"भाचीला कसं बोलावं माय?" मामी म्हणाली. "मी निघालेच व्हते तुझ्याकडं. तुझे मामा म्हनले, राहू दे, वरसातनं एकदा येती, मन मोडू नको."

माझ्या पायांना लागलेला त्यांचा तो खरबरीत हात मला आठवला आणि शिसारी आली, हाताची नव्हे, पायांची. मला वाटलं होतं मी पाहुणी होते. माझ्या मानापायी ती दोघं बांधावर तोंड मिटून उभी होती, आणि मी समोर छत्री लावून बसले होते.

"मामी," मी म्हणाले, "मी येत नाही यंदा. लेन्स घेऊन नाही, न घेतासुद्धा नाही. पिल्लं निघून वावर सोडून जाईपर्यंत मी तिकडं फिरकत नाही."

मला वाटलं ती आग्रह करेल. असं कसं म्हणेल, शपथ घालेल, निदान तोंडदेखलं तरी. पलीकडून फक्त तिनं सोडलेला श्वास ऐकू आला, लांब, मोकळा.

"लई बरं झालं बाई," ती म्हणाली. "तुझे मामा सकाळधरनं तीनदा इचारून गेले, ती येती का म्हनून." आणि फोन कानावरून न काढताच तिनं अंगणाकडं तोंड करून जोरात हाक दिली, "आवो, ऐकलं का! नाय येत ती!"